एकशे पंचावन्न

शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २१ फेब्रुवारी

प्रिय प्रीती,

सप्रेम जय भीम.

मुरगूडला सगळे बरे असाल. दाजींचा टेम्पो गॅरेजातून आला का? आत्याबाईंचा गुडघा कसा आहे? इकडे मी ठीक. मागच्या आठवड्यात जयसिंगपूरला जाऊन आले. वडील तुझी आठवण काढत होते. "ती उंच पोर, तुझ्याबरोबर पळायची ती," असं म्हणाले. नाव विसरले, पण तुझं पळणं विसरले नाहीत.

पत्र बघून हसशील. पंधरा दिवस तुला फोन लावते आहे. एकदा वाजतो आणि तुटतो. हॉस्टेलच्या एका मुलीनं बघून सांगितलं, "मॅडम, त्यांनी तुमचा नंबर ब्लॉक केलाय." मग काय करणार, पोस्टात गेले. तिकिटाला किती पैसे लागतात तेही विचारावं लागलं.

तुझ्या श्रुतीचं सामान आमच्या भरती अकॅडमीच्या हॉस्टेलवर तसंच पडून आहे. पेटी, दोन ट्रॅकसूट, भूगोलाची पुस्तकं, आणि धावायचे बूट. बूट मी धुवून वाळवून ठेवलेत. ती स्वतः न्यायला आली तर बरं, नाहीतर मी पाठवते.

त्या दिवशी तुम्ही तिला सोडून पुढं गेलात, मी पोलीस मैदानाच्या गेटबाहेरच उभी होते. भरतीच्या वेळी आम्हा शिकवणाऱ्यांना आत सोडत नाहीत. साडेसहाला ती आत गेली आणि सात वाजायच्या आत बाहेर आली, तेव्हाच मी ओळखलं. म्हणजे ओळखलं असं नाही. मला वाटलं, कुठलातरी दाखला विसरली असेल. दोन वर्षं जी पोर आठशे मीटरसाठी पहाटे पाचला मैदानावर यायची, तिला पळूच दिलं नाही गं. उंचीच्या टेबलावरूनच परत. तिच्या हातात तो नंबरचा कागद होता आणि ती मला म्हणाली, "मॅडम, ते म्हणत्यात बसत न्हाई." मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते?

तिथली मशिनं नवीन असतात. थोडंफार इकडचं तिकडं होत असेल. मला त्यातलं फार कळत नाही.

विजयसिंह सर, आमचे अकॅडमीचे मालक, म्हणाले की पुढच्या बॅचला तिला निम्म्या फीत घेऊ. तुला कळवते असं मी त्यांना सांगितलं. कळवलं.

श्रुतीसाठी निपाणीचं स्थळ बघताय असं ऐकलं. घाई करू नकोस, एवढंच सांगते. वीस वर्षं काही वय नाही. तुझं-माझं पळणं कसं सुटलं ते तुला माहीत आहे.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी,
विमला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. ६ मार्च

प्रिय प्रीती,

जय भीम. तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, ब्लाऊजची मापं लिहायच्या वहीतलं पान फाडलंस आणि त्यावर दोन ओळी: "अकॅडमीत माप तू घेतलंतीस. मग भरतीला घरनं आणताना तिला टेम्पोत झोपवून आण म्हणून का सांगितलंस? एवढंच सांग."

सांगते.

श्रुतीची उंची एकशे त्रेपन्न सेंटिमीटर आणि वर दोन रेघा आहे. पोलिसात मुलींना एकशे पंचावन्न लागते. मशिनं चांगली होती. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तिची उंची बसत नाही हे मला तिच्या प्रवेशाच्या दिवसापासून माहीत होतं.

तो दिवस तुला आठवत असेल. तू ऑफिसातल्या बाकावर बसली होतीस, दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर धरून. मी तिला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला पट्टी आहे. मी दोनदा मापलं, टाचा टेकवून, हनुवटी सरळ करून. विजयसिंह सर दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. श्रुतीला बूट घालायला बाहेर पाठवून ते म्हणाले, "वय किती, अठरा? वाढंल की अजून. बारला लोंबकळू दे रोज. आणि न्हाय वाढली तर रनिंग तरी हुईल. एकशे पंचावन्न घाला मॅडम. मुरगूडवरनं आलेल्या पावण्यांना कशाला नाराज करून परत लावायचं?"

मी पेनानं लिहिलं. १५५. बाहेर आले तर तू उठून उभी राहिलीस. "बसली व्हय उंचीत?" म्हणालीस. मी म्हणाले, "बसली."

तुला वाटत असेल, हिला जमलं कसं. मलाही वाटतं. अकॅडमीत येण्याआधीची नऊ वर्षं तुला माहीत आहेत. विनाअनुदानित शाळेत खेळाची शिक्षिका. मान्यता येणार, अनुदान येणार, मग पगार येणार. खो-खोच्या पोरी मी तालुक्याला, जिल्ह्याला नेल्या आणि त्यांच्या वडापावचे पैसे वडिलांच्या पेन्शनीतून दिले. सरांनी मात्र पहिल्याच महिन्याचा पगार एक तारखेला हातात ठेवला. त्या दिवशी मी वडिलांना दोन सदरे घेतले आणि घरी जाऊन रडले. अशा माणसाला "नाही सर" म्हणायला तोंड उघडलं नाही माझं. कारण म्हणून सांगते, माफी म्हणून नाही.

अकॅडमी म्हणजे नुसती लुबाडणूक, असंही मला म्हणता येत नाही बघ. माझ्या हाताखालच्या एकतीस पोरी आज वर्दीत आहेत. त्यांच्या गावातल्या शाळेनं त्यांना मैदान दाखवलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट मला तिथंच कळली. शाळेत मी फुकट शिकवायचे तेव्हा पोरी महिनाभर टिकायच्या नाहीत. घरी पाहुणे आले, मैदान बंद. शेतात भांगलण निघाली, मैदान बंद. तुझ्या आत्याबाईच बघ. "पोरीला पँट घालून पळवताय व्हय?" म्हणून दोन दिवस जेवल्या नव्हत्या. पण पैसे भरले म्हटल्यावर त्यांनीच दोन वर्षं तिला भाकरी थापायला बोलावलं नाही. उलट मधल्या सणाला आली तर म्हणाल्या, "जा की आता, फी भरलीया." फी भरली म्हणून पोरींना घराबाहेर राहायला मिळतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण जो पैसे घेतो त्याला "तुझं इथं काही होणार नाही, परत जा" असं म्हणता येत नाही. तिथं सगळं नासतं. आणि ते म्हणायचं काम माझं होतं, सरांचं नव्हतं. पट्टी माझ्या हातात होती.

दोन वर्षं श्रुती रोज बारला लोंबकळली. हाताला घट्टे पडले ते तू बघितलेस. महिन्याला एकदा यायची, "मॅडम, मापा की." मी म्हणायचे, आधी टायमिंग सुधार. तिचं टायमिंग खरंच सुधारत होतं गं, तेवढ्याची मला ढाल व्हायची.

माणूस सकाळी उठल्यावर थोडं उंच असतं, दिवसभर उभं राहून दबतं. भरतीवाल्यांना हे ठाऊक असतं. म्हणून तुला म्हणाले, तिला बसू देऊ नकोस, मागं वाकळ टाकून आडवी आण. मी जवळजवळ दोन सेंटिमीटरची चोरी करायला निघाले होते. तीही तुझ्या हातानं, तुझ्या वाकळेवर, दाजींना टेम्पो हळू चालवायला लावून. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आता पुढचं ऐक. तुझं पान शनिवारी आलं. रविवारी हॉस्टेलवर पालक भेटायला येतात. मी पट्टी मागच्या खोलीतून काढली आणि व्हरांड्यात खिळे मारून लावली. सगळ्या मुलींना बोलावलं आणि आईबापांच्या देखत एकेकीला मापून आकडा मोठ्यानं वाचला. चार मुली कमी भरल्या. एका मुलीची आई खालीच बसली. एकीचे वडील माझ्या अंगावर धावून आले, "वरीसभर काय झोपलातासा काय?" त्यांना मी म्हणाले, "झोपले नव्हते, खोटं लिहिलं होतं."

सर आले. लोकांसमोर तमाशा करणं त्यांचा स्वभाव नाही. आत नेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं पोट ह्याच्यावरच चालतंय ना? मग ह्यो धंदा बंद पाडायला निघालाय काय?" मी म्हणाले, "सर, ज्यांचं होणार आहे त्यांना शिकवू. पोरी काय कमी आहेत?" त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं. "उद्यापासनं येऊ नका," म्हणाले.

म्हणून आज सोमवार असून मी भरदुपारी खोलीवर बसून तुला लिहिते आहे. खाली गल्लीत पोरं फुटबॉल खेळताहेत, दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी पत्र्यावर बॉल आदळतो. नोकरी गेली म्हणून घाबरायला हवं होतं. पण दुपारी भाकरी-आमटी पोटभर जेवले. कितीतरी दिवसांत नीट भूक लागली नव्हती, हे जेवल्यावर कळलं.

आता एक कामाचं. वनरक्षकाच्या भरतीला मुलींना एकशे पन्नासच लागते. बारावीला भूगोल असला तरी चालतं, आणि तिचा आहे. आधी लेखी, मग उंची, मग तीन किलोमीटर पळणं. जाहिरात यंदा निघेल असं सगळे म्हणतात. तू पाठवलीस तर मी तिला गांधी मैदानावर तयार करीन. माझ्याच खोलीत राहील. फुकट मात्र नको. आत्याबाई दुसऱ्या दिवशी परत बोलावतील. महिन्याला एक ब्लाऊज शिवून दे मला. घरात सांग, शिवणाच्या बदल्यात शिकवणी लावलीय.

मी माझी चूक झाकायला हे करते आहे असं वाटलं तर पाठवू नकोस. तुझं बरोबरच असेल. पण तिला हे पत्र वाचायला दे. आकडा तिचा आहे, तिला माहीत पाहिजे.

विमला


शिवाजी पेठ, कोल्हापूर
दि. २८ जानेवारी

प्रिय प्रीती,

सप्रेम जय भीम.

निवड यादीत नाव आलं हे श्रुतीनं तुला फोनवर सांगितलंच. पलीकडून आत्याबाईंचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. "जंगलात एकलीच फिरणार व्हय गं?" पण आवाजात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होतं. ती जे तुला सांगणार नाही ते मी लिहिते.

मार्चमध्ये तू उत्तर पाठवलं नाहीस. चार दिवसांनी ती पिशवी घेऊन दारात उभी. पाणी दिलं, प्यायली नाही. म्हणाली, "आईनं आधी पत्र वाचलं, मग मला दिलं. मी तीनदा वाचलं." मग पिशवी खाली ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलं असतासा तर मी रडत घरला गेलो असतो. आन आत्तापतोर माझं लगीन झालं असतं. हे मला कळतंय. तरीबी सांगायला पायजे हुतं."

मी म्हणाले, "होय."

"माझे दोन वरीस हुते ते."

मी परत होय म्हणाले. मग तिनं पाणी घेतलं आणि विचारलं, "सकाळी कितीला उठायचं?"

तेव्हापासून दहा महिने ती माझ्याकडे आहे. सुरुवातीला लागेल तेवढंच बोलायची. ते मला बरोबरच वाटायचं. निपाणीवाल्यांना तू परत पाठवलंस हेसुद्धा मला जूनमध्ये कळलं, तेही तिच्या दुसऱ्या कुणाशी चाललेल्या फोनवरून. आणि पहिल्या महिन्याचा ब्लाऊज आला तो अंगाला बेतून बसला. मी विचारलं, माप न घेता कसा काय? ती म्हणाली, "आईला तुमचं माप पाठ हाय. दोन बोटं वाढवली फक्त." त्या दिवशी तोच घालून मैदानावर गेले.

वनरक्षकाची जाहिरात आली त्याच आठवड्यात विजयसिंह सरांचा फोन. "मॅडम, वनरक्षकची बॅच काढतोय. बॅनर छापून आलाय. मैदानाला तुम्हीच पायजेसा." मी हसले. ते रागावले नाहीत. मी म्हणाले, माप फी भरायच्या आधी, गेटवर, पालकांच्या देखत. बसत नसेल तर पावती फाडायची नाही. सर म्हणाले, "अशा परत लावल्या तर हॉस्टेल मोकळं पडंल की ओ." मग थोड्या वेळानं, "बघूया एक बॅच." ऑगस्टमध्ये मी परत कामावर गेले.

हॉस्टेल मोकळं पडलं नाही. इथं खरं माप सांगतात अशी बोलवा झाली आणि कागलपासून शिरोळपर्यंतच्या पोरी आल्या. आता सरांनी तेच पोस्टरवर छापलंय, "खरी उंची, खरी तयारी". यात सुधारणा किती आणि धंदा किती, मला सांगता येत नाही. सरकारी कचेरीत एवढा बदल व्हायला कितीतरी वर्षं गेली असती, सरांनी फायदा दिसल्याबरोबर आठवड्यात केला. फायदा दुसरीकडे दिसला तर तेवढ्याच वेगानं परत फिरतील, हेही मला माहीत आहे. म्हणून गेटवर पट्टी मीच धरते, दुसऱ्या कुणाला देत नाही. या वर्षी अकरा पोरी परत पाठवल्या. एकीची आई जाताना मला नको ते बोलून गेली. मला बरं वाटलं.

रविवारच्या त्या चार मुलींपैकी दोघी वनरक्षकच्या बॅचला आल्या. एक नर्सिंगला गेली. चौथीचं लग्न झालं, तिकडं कर्नाटकात दिली. तिला भेटायला जायचं आहे. अजून गेले नाही, धीर होत नाही.

उंचीच्या दिवशी मी परत एका गेटबाहेर उभी होते. श्रुती रिक्षात नीट बसून आली होती, वाटेत चहासुद्धा प्यायली. आत गेली तेव्हा साडेसहा झाले होते. सात वाजले. सव्वासात. काही पोरी बाहेर आल्या, रडत. ती येईना. साडेसात झाले तरी येईना. कुणी बाहेर येत नाही म्हणून मी आयुष्यात एवढी खूश झाले नव्हते. तिथल्या चहावाल्यानं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" तेव्हा कळलं मी गेटची सळई घट्ट धरून उभी आहे. नवाला ती आली आणि लांबूनच ओरडली, "एकशे त्रेपन्न! पात्र!" आजूबाजूच्या लोकांना कळेना, त्रेपन्नाचं एवढं काय.

आणि दुसऱ्या दिवशी, पळण्याच्या दिवशी, तू आलीस.

तू येणार हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, वळणावर. दाजींचा टेम्पो थांबला, तू उतरलीस आणि माझ्यापासून चार पावलांवर येऊन उभी राहिलीस. वर्षानंतर तुला बघत होते. केस पांढरे झालेत तुझे, कानाजवळ. मी मान रस्त्याकडे वळवली. तूही समोर बघत राहिलीस. अर्धा तास आपण दोघी रस्त्याच्या कडेला अशा उभ्या, जशा एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी बायका.

मग पोरी आल्या. पहिल्या घोळक्यात ती नव्हती. दुसऱ्यात होती, पुढून तिसरी, तोंड लाल झालेलं, पण श्वास लागलेला नव्हता. ती आपल्या समोरून गेली तेव्हा तिनं आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिला तसंच शिकवलंय. आणि तू, तिच्या पाठीकडे बघत, मला म्हणालीस, "डावा हात आखडतीया बघ. तुज्यासारखीच."

मी म्हणाले, "दमली की आखडते."

"तूबी तशीच हुतीस."

एवढंच. ती संपवून येईपर्यंत तू थांबलीस, तिला पोटाशी धरलंस, आणि परत टेम्पोत बसलीस. दाजींनी तेवढा हात केला.

प्रीती, यावरून तू मला माफ केलंस असं मी धरत नाही. त्या बाकावर तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसली होतीस आणि मी खोटं बोलले, हे काही तिच्या नोकरीनं पुसलं जाणार नाही. ती नोकरी तिनं तिच्या पायांनी मिळवली. पण त्या चार वाक्यांनंतर मी रंकाळ्यापर्यंत चालत गेले, काही काम नसताना, आणि भेळ घेऊन एकटीनं खाल्ली. इतकं हलकं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

तिला पुढच्या महिन्यात हजर व्हायचं आहे. त्याआधी तिला घरी सोडायला येत्या रविवारी मी मुरगूडला येते. ती एकटी येऊ शकते हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. सकाळच्या एसटीनं निघू. तू शेतात असलीस तर मी उंबऱ्याबाहेर थांबेन, आत्याबाईंच्या शिव्या खात. जेवायला घाल म्हणत नाही. चहा केलास तर साखर कमी टाक, डॉक्टरांनी मला आता कमी करायला सांगितलीय.

तुझी (हा शब्द नको असेल तर तू खोड, मी खोडणार नाही),
विमला